शिशाचे डाग

उकंडा मुनेश्वरच्या हाताला कापसाच्या जिनिंगमध्ये मान होता. सव्वीस वर्षं तो तिथे फिटर होता. पट्टा तुटो, रोलर अडको की प्रेसमधून तेल गळो, मालक इंजिनिअरला फोन लावायचा आणि इंजिनिअर यायच्या आत उकंडाला हाक मारायचा. बहुतेक वेळा इंजिनिअर येईपर्यंत यंत्र सुरू झालेलं असायचं. हंगाम दिवाळीला सुरू व्हायचा तो होळीपर्यंत चालायचा. मग तो आखडत गेला. कापूस कधी आदिलाबादकडे वळायचा, कधी भाव वाढेल या आशेनं घरातच पडून पिवळा व्हायचा. एका वर्षी संक्रांतीच्या आधीच यंत्रं थांबली. मालकानं गेटला कुलूप लावलं आणि म्हणाला, "पुढच्या दिवाळीत पाहू." पुढची दिवाळी आली आणि गेली. कुलूप उघडलं नाही.

उकंडाची पन्नाशी उलटली होती. बायको, सत्यशीला, अंगणवाडीत मदतनीस होती. तिच्यावर घर चाललं. पण उकंडाला हात रिकामे ठेवून बसणं जमत नसे. यवतमाळच्या त्या वस्तीत घरामागे त्याची पत्र्याची छपरी होती. तिथे तो लोकांची फुटकी गाळणी, गळक्या बादल्या डाग देऊन सांधून द्यायचा. शिसं-कथील वितळून चांदीच्या थेंबासारखं पसरलं की त्याला अजूनही बरं वाटायचं.

रत्नप्रभाबाईंनी त्याला बोलावलं ते पिंजऱ्याचं दार सांधायला. बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. उकंडाची मुलगी रुपाली त्यांच्याच हाताखाली शिकली. आता त्या निवृत्त होत्या. यजमान, नरहरपंत, कलेक्टर कचेरीत होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा अभिषेक पुण्याला. घरात बाई आणि खांद्यावर लाल पट्टा असलेला एक पहाडी पोपट. त्याचं नाव पंतोजी. बाईंनी आतून "पंतोजी" म्हणून हाक मारली की तो पिंजऱ्यातून म्हणायचा, "हजर, बाई."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा उकंडाच्या हातातली पक्कड थांबली.

"तीस वर्षं हजेरी घेतली हो," बाई हसून म्हणाल्या. "सवय जाईना. आता पटावर हा एकच उरलाय."

दार सांधून झालं. पैसे घेताना उकंडा संकोचला. पाखरू दिवसभर एकाच दांडीवर बसून कंटाळत असेल असं त्याच्या मनात आलं. तो घरी गेला आणि चार दिवसांनी परत आला तो एक झोका घेऊन. तारेची गोल कडी, खाली लाकडाची दांडी, कडीला चार पितळी घुंगरं आणि मधोमध पत्र्याचा चकचकीत तुकडा, आरशासारखा. पंतोजीनं आधी दोन दिवस त्याच्याकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी तो झोक्यावर चढला आणि मग उतरेना.

बाईंच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी झोका पाहिला. कोणी आपल्या पोपटासाठी मागितला, कोणी बहिणीच्या. उकंडा करत गेला. रविवारच्या बाजारात, सरकारी दवाखान्याच्या गेटाशी तो दोन-चार झोके काठीला टांगून उभा राहायचा. वर्षभरात बाईंचा धरून बारा झोके गेले. कोणाला दिले ते सगळे त्याच्या लक्षात होते. जिनिंग बंद झाल्यापासून आपण केलेली वस्तू कोणाच्या तरी दारात वाजते आहे, हे त्याला मोठं वाटायचं.

पौषात बाईंनी निरोप पाठवला, एक घुंगरू निखळलं आहे. उकंडा डाग द्यायची शिशाची कांडी घेऊन आला. पंतोजीनं चोचीनं डाग कुरतडून घुंगरू सोडवलं होतं.

"चोच लय मजबूत हाय याची," उकंडा म्हणाला. "थांबा, आता असा डाग देतो का बापजन्मात निघणार नाई."

त्यानं चारही घुंगरांना शिशाचा जाड थर दिला. थंड झाल्यावर तो बोटानं ओढून पाहिला. मग झोका परत टांगला. पंतोजी लगेच त्या चमकत्या थेंबांशी चोच लावून बसला, जसं काही त्याच्यासाठीच खाऊ आणला होता.

होळी झाली आणि ऊन तापू लागलं. एक दिवस सकाळी बाई स्वतः उकंडाच्या दारात आल्या. त्या कधी त्या वस्तीत आल्या नव्हत्या. पायातली चप्पल काढू की नको अशा त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"उकंडराव, पंतोजी दांडीवर बसत नाही. खाली पडून आहे. तुमच्याशिवाय कोणाला सांगू कळेना."

बाईंच्या घरी पोपट पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसला होता. पंख सैल पडले होते. खालच्या कागदावर हिरवंगार पाणी होतं. खाल्लेले दाणे ओकून टाकलेले होते आणि मान पुन्हा पुन्हा एका बाजूला कलत होती. उकंडानं पिंजऱ्यावर टॉवेल टाकला, ऑटो केला आणि बाईंना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला.

आवारात गाईच गाई होत्या. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजमध्ये मिळालेल्या मोठ्या दुधाच्या गाई, चाऱ्यावाचून हाडं निघालेल्या. डॉक्टर लालसिंग राठोड कोपरापर्यंत हात भरलेले, घामाघूम झालेले. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं.

"बाई, तसं पाहिलं तर पोपट पाळायला कायद्यानं मनाई आहे," ते म्हणाले. "पण ते राहू द्या. नाव काय याचं?"

"पंतोजी," बाई म्हणाल्या. आणि मग सवयीनं, पिंजऱ्याकडे वाकून, हलकेच पुन्हा, "पंतोजी."

पोपटानं डोळा अर्धा उघडला. चोच हलली, पण आवाज आला नाही. बाईंनी तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी हात धुतले, पोपटाला टॉवेलमध्ये धरून पोट चाचपलं. "माझं शिक्षण गाईबैलांचं. पाखराचं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण यानं काहीतरी गिळलंय असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एक्सरेवाल्याकडे न्या. चिठ्ठी देतो."

तासाभरानं उकंडा आणि बाई फोटो घेऊन परत आले. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. पाखराची बारीक हाडं धुरासारखी दिसत होती. आणि पोटाच्या मध्यावर पाच-सहा पांढरेशुभ्र ठिपके होते, कोणी टाचणीनं भोकं पाडल्यासारखे.

"हे धातूचं आहे. कोंबडीच्या पोटात पथरी असते ना, दाणे दळायची? तशी यालाही असते. तिथे अडकलंय. दाण्याबरोबर दळलं जातंय." त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय असेल? लोखंडाचा तुकडा असेल तर बाहेर पडायची वाट पाहता येईल. पण शिसं असेल तर ते रक्तात उतरतं. मग वाट पाहून चालणार नाही. ते रक्तातून ओढून काढणारं इंजेक्शन माझ्याकडे नाही. नागपूरला, मोठ्या कॉलेजात न्यावं लागेल, आजच्या आज. घरात असं काय आहे याच्या आसपास?"

"काही नाही हो," बाई म्हणाल्या. "मी दाणेसुद्धा निवडून देते. पिंजरा जुना आहे, त्याचा रंग गेला असेल का?"

डॉक्टर उकंडाकडे वळले. "तुम्ही काही पाहिलं?"

उकंडा फोटोकडे पाहत होता. ते ठिपके गोल नव्हते. एका बाजूनं चपटे आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर होते. शिसं घुंगराच्या कडीवर टेकतं आणि गार होतं तेव्हा त्याला हाच आकार येतो. सव्वीस वर्षांत त्यानं तो आकार हजारदा पाहिला होता.

"नाई साहेब," तो म्हणाला. "काई ध्यानात नाई येत."

"मग दोन दिवस औषध देऊन पाहू," डॉक्टर म्हणाले. बाहेर एक गाय आडवी झाली होती. ते तिकडे धावले.

बाईंच्या घरी पिंजरा ठेवताना उकंडानं झोका काढून घेतला. "आजारी पाखराले कायले झोका," एवढंच तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. झोका पिशवीत टाकताना घुंगरं वाजली. त्यानं ती मुठीत दाबून धरली. चारपैकी दोन डागांवर चोचीच्या खाचा होत्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या.

संध्याकाळी तो घरी आला. रुपाली बाळंतपणाला माहेरी आली होती ती अजून परत गेली नव्हती. तिची सात महिन्यांची पोरगी चटईवर पालथी पडून खेळत होती. तिच्या तोंडात खुळखुळा होता. पत्र्याचा, कडेनं डाग दिलेला. आजोबानं स्वतः केलेला. लाळेनं डाग चमकत होते.

उकंडानं तो ओढून घेतला. पोर किंचाळून रडायला लागली. रुपाली धावत आली, सत्यशीला चुलीपासून उठली.

"काहून घेतला तिचा खुळखुळा?" सत्यशीलानं विचारलं.

तो चटईवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. फोटो, ठिपके, डॉक्टरचा प्रश्न. सत्यशीलानं नातीला कडेवर घेतलं आणि ती बराच वेळ तिच्या ओठांवरून, हिरड्यांवरून पदर फिरवत राहिली.

"आन् बाईले सांगतलं?"

"नाई."

"डॉक्टरले?"

"त्यायलेबी नाई."

"तुमी मुद्दाम केलं नाई," सत्यशीला म्हणाली. "आपल्याले काय ठाव होतं? पण आता ठाव झालं ना. उद्या सकाळी जाऊन सांगजा. थे पाखरू जगून राह्यलं हाय अजून."

पहाटेच उठून तो बाईंकडे गेला. सगळे शब्द वाटेत जुळवले होते. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"उकंडराव, चार दाणे खाल्ले त्यानं. डाळिंबाचे. आणि पोटात टिकलेसुद्धा." त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला, कधी ठेवला नव्हता. "तुम्ही होतात म्हणून. अभिषेकला फोन केला तर म्हणतो, आई, दुसरा आणू."

उकंडाच्या तोंडाशी आलेलं आतच राहिलं. चार दाणे खाल्ले आहेत, म्हणजे बरा होईल. बरा झाला तर सांगायची गरज काय. तो दिवसभर तिथेच थांबला. ओला फडका पिंजऱ्यावर टाकला, बाईंनी दिलेला चहा प्यायला.

चार वाजता पंतोजीला झटका आला. पाय ताठ झाले, मान पाठीला लागली, पंख तळाच्या पत्र्यावर फडफडले. एका मिनिटानं तो थांबला. अर्ध्या तासानं पुन्हा आला.

"नागपूरले नेऊ," उकंडा म्हणाला. "आता थांबू नोका, बाई. सकाळची पहिली गाडी पकडू."

"डॉक्टर दोन दिवस म्हणाले होते."

"नेऊच."

सकाळी सहाच्या गाडीत दोघांना खिडकीजवळची जागा मिळाली. पिंजरा बाईंच्या मांडीवर होता, वर नरहरपंतांचं जुनं उपरणं. कळंब गेलं. देवळीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी धक्के खात होती. दर धक्क्याला बाई पिंजऱ्याच्या दोन्ही बाजू घट्ट धरत. मधून मधून त्या उपरण्याखाली बोट घालून पिसांना लावत. उकंडा बाहेर पाहत होता. शेतांत पऱ्हाट्या उभ्या सुकल्या होत्या; काहींवर न वेचलेला कापूस तसाच लोंबत होता.

वर्धा यायला थोडं राहिलं असताना बाईंनी बोट बाहेर काढलं. मग पुन्हा आत घातलं. त्यांनी उपरणं उचलून पाहिलं नाही.

"उकंडराव," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "वर्ध्याला उतरू. पुढे जाण्यात आता काही नाही."

वर्ध्याच्या स्टँडवर ते सिमेंटच्या बाकावर बसले. परतीची गाडी लागायची होती. पिंजरा दोघांच्या मध्ये होता. शेजारी एक शेंगावाली बसली होती. तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं आणि न बोलता टोपली थोडी दूर सरकवली. बाई रडत नव्हत्या. उपरण्याच्या कडेचा सुटलेला धागा त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"बाई, थे डाग माह्या हातचे होते," उकंडा म्हणाला.

"कुठले डाग?"

"फोटोतले. झोक्याचे. घुंगरू निखळलं म्हणून तुमी बोलावलं, तवा मी शिसं जाड लावलं. मजबूत व्हावं म्हणून. त्यानं थेच कुरतडून खाल्लं."

बाईंनी धागा सोडला. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"परवा. फोटो पाह्यला तवाच."

"डॉक्टरांनी विचारलं होतं."

"व्हय."

"मी तुमच्या शेजारी उभी होते. आणि काल दिवसभर तुम्ही माझ्या घरी बसून होतात."

गाडी आली, लोक चढले. बाईंनी त्याला पिंजरा उचलू दिला नाही. परतीच्या वाटेत त्या पुढच्या बाकावर बसल्या आणि तो मागच्या. यवतमाळला उतरल्यावर त्या त्याच्याकडे वळल्या.

"आता तुम्ही घरी येऊ नका, उकंडराव. मुद्दाम केलं नाहीत हे मला कळतं. पण मला बघवणार नाही." मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना सांगितलंत का? ज्यांना ज्यांना दिलेत त्यांना?"

"नाई अजून."

"मग जा. आज मला सांगितलंत तसं दोन दिवसांनी नका सांगू त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून उकंडा निघाला. गावातले आधी. आर्णी रोडवरच्या किराणा दुकानदारानं झोका काढून दिला आणि डोळे बारीक करून विचारलं, "मग दुसरा देशील का?" पाटीपुऱ्यातल्या एका घरी पोपट केव्हाच मांजरीनं नेला होता. एका वकिलाच्या बायकोनं त्याला दारातूनच सांगितलं, आमचा पक्षी ठणठणीत आहे, उगाच घाबरवू नका; तो तीन वेळा गेला, तिसऱ्या वेळी वकिलानं स्वतः झोका काढून त्याच्या हातावर ठेवला. झरी जामणीकडच्या पाड्यावर तो दोन बस बदलून आणि पाच मैल चालून गेला. तिथल्या जंगलमजुरानं पोपट कधीच सोडून दिला होता आणि घुंगरं शेळीच्या पिल्लाच्या गळ्यात बांधली होती. त्या पिल्लाला धरताना दोघांची दमछाक झाली. मजूर हसला, उकंडालाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

शेवटचा झोका फुलसावंगीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर होता. तो घेतला होता रुपीबाईनं. सासऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला ती यवतमाळच्या दवाखान्यात आली होती. ऑपरेशन साधलं नाही, म्हाताऱ्याची नजर गेली. घरी पोपट आहे, म्हाताऱ्याला घुंगरांचा आवाज तरी येईल, म्हणून तिनं गेटाशी झोका घेतला होता. म्हाताऱ्यानं तो हातात घेऊन सगळीकडून चाचपला होता आणि म्हणाला होता, "चांगला केला, भाऊ." त्याचं नाव धावजी.

उकंडा पोचला तेव्हा दुपार झाली होती. रुपीबाईचा नवरा, रामसिंग, ऊसतोडीला गेलेला, अजून परतला नव्हता. ओसरीत बाजेवर धावजी बसला होता. वळचणीला रिकामा पिंजरा टांगलेला होता आणि त्यात झोका. एक घुंगरू नव्हतं.

उकंडा पिंजऱ्याखाली उभा राहिला.

"पाखरू कुठी गेलं?" त्यानं विचारलं.

"मेला," रुपीबाई म्हणाली. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. "सव्वा महिना झाला. हिऱ्या नाव होतं. दारात कोणीबी आलं का म्हणायचा, आव, बेस; आमच्या बोलीत ये, बस. सगळा तांडा येऊन ऐकायचा." तिनं सासऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "यायच्या तंबाखूनं मेला. तंबाखू मळलेल्या हातानं शेंगदाणे चारायचे त्याले. किती डाव सांगतलं. मी बोलली त्यायले, लय बोलली. तवापासून तंबाखू सोडली, आन् जेवणबी सोडल्यासारखंच हाय."

धावजीनं ऐकलं होतं. त्याच्या मांडीवर दोन्ही हात उताणे पडले होते, जणू ते त्याचे नव्हतेच.

"कसा गेला थो?" उकंडानं विचारलं. "मान वाकडी झालती? हिरवं पाणी?"

रुपीबाईनं त्याच्याकडे चमकून पाहिलं. "तुले कसं ठाव?"

उकंडानं तांब्या खाली ठेवला. तो बाजेच्या पायथ्याशी, म्हाताऱ्याच्या समोर, जमिनीवर बसला.

"बाबा, मी थो झोकेवाला. दवाखान्याच्या गेटावरचा. तुमचं पाखरू तंबाखूनं नाई मेलं. माह्या झोक्यानं मेलं. घुंगराले मी शिसं लावलं होतं. चोचीनं काढून गिळलं का थे पोटात दळते आन् इख होते. यवतमाळले एक पाखरू असंच गेलं. डॉक्टरनं फोटो काढून दाखोला. मी माह्या डोयानं पाह्यलं."

तांड्यात कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"पुन्हा सांग," धावजी म्हणाला.

उकंडानं पुन्हा सांगितलं, हळूहळू.

"म्हणजे माह्या हातानं नाई गेला."

"नाई बाबा."

"माह्या हातानं नाई," म्हाताऱ्यानं हात चेहऱ्याजवळ नेले. तो त्यांना हुंगत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरलं आणि तो लहान पोरासारखा आवाज न करता रडत राहिला.

रुपीबाई पुढे झाली. उकंडाला वाटलं ती आता त्याच्या अंगावर येईल. आली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती त्याच्याकडे आलीच नाही. ती सासऱ्याच्या बाजेशी गेली, त्याचे दोन्ही पाय धरले आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली. धावजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. उकंडानं नजर वळवली. ते त्यानं पाहण्यासारखं नव्हतं.

बऱ्याच वेळानं धावजीनं विचारलं, "तू इतक्या दूर हे सांगाले आला?"

"झोका न्यायले आलतो. मले वाटलं, पाखरू जिवंत असंल."

"उशीर झाला तुले."

"व्हय बाबा. उशीर झाला."

"तुले झोप येते का?"

"नाई येत."

"मलेबी येत नव्हती," म्हातारा म्हणाला. मग सुनेकडे तोंड वळवून, "त्याले भाकर दे."

रुपीबाईनं भाकर आणि तुरीच्या डाळीचं वरण वाढलं. दोन ताटं वाढली. तिचा चेहरा कठीण होता आणि ती उकंडाशी एक शब्द बोलली नाही. पण ताट तिनं त्याच्यासमोर आपटलं नाही, नीट ठेवलं. धावजी जेवला, एक भाकर संपवून त्यानं अर्धी आणखी मागितली. रुपीबाई चुलीपाशी गेली ती तिथेच पाठमोरी बसून राहिली. जेवण झाल्यावर म्हातारा बाजेवर कलंडला आणि बघता बघता घोरायला लागला.

उकंडानं पिंजऱ्यातून झोका काढला आणि गाडीच्या वेळेला निघाला. रुपीबाई तांड्याच्या तोंडापर्यंत आली.

"तुले माफ नाई करणार मी," ती म्हणाली. "पण तू आला नसता तर बुढा मनात तेच घेऊन मेला असता. मीच त्याच्या मनात घातलं होतं." आणि ती परत फिरली.

घरी येऊन उकंडानं सगळे झोके छपरीतल्या दगडावर ठेवून हातोडीनं चपटे केले. पुढे त्यानं कधी पाखरासाठी किंवा पोरासाठी काही केलं नाही. दुसऱ्या वर्षी एका गोदामावर त्याला चौकीदारी मिळाली.

बाईंकडे तो गेला नाही; त्यांनी नको म्हटलं होतं. रुपाली मात्र सासरी जाण्याआधी मुलीला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेली. बाईंनी तिच्या पोरीला मांडीवर घेतलं आणि वडिलांची चौकशी केली. रुपालीनं फुलसावंगीचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही. जाईल असंही मला वाटत नाही. पण ते तिथे गेले, ते बरं झालं."

जूनमध्ये अभिषेक त्यांना पुण्याला घेऊन गेला. घर भाड्यानं गेलं. उकंडा चौकीदारीवर जाता-येता त्या रस्त्यानं जायचा तेव्हा भाडेकरूंचे कपडे अंगणात वाळत असायचे, आणि तो सायकलवरून न उतरता पुढे जायचा.